जवळच तर जायचे आहे!

दुचाकीवरील दुखापती, त्यांची कारणे आणि सुरक्षिततेचे उपाय

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगरचे नाव निघताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो तेथील कपड्यांचा बाजार. निर्यातीतून उरलेले कपडे स्वस्तात मिळण्याचे ठिकाण म्हणून त्याची ख्याती दिल्लीबाहेरही पोहोचली आहे. सोमवारची सुट्टी वगळता येथे पाऊल ठेवायला जागा नसते. जवळच भाजीपाल्याचे बाबू मार्केट आहे. भोवताली लक्ष्मीबाई नगर, नौरोजी नगर, नेताजी नगर या सरकारी वसाहती आहेत आणि थोड्याच अंतरावर रात्रंदिवस वाहणारा रिंग रोड आहे. केंद्र सरकारच्या सेवेनिमित्त राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांनाही हा परिसर परिचयाचा आहे. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. त्यात सरोजिनी नगरचा समावेश होता. तेव्हापासून गर्दी, ई-रिक्षा आणि उभ्या मोटारी यांच्या जोडीला बांधकाम साहित्य वाहून नेणारी अवजड वाहनेही येथील रस्त्यांवर दिसू लागली.

अशा परिसरात दुचाकी हे घरोघरचे वाहन असते. भाजी आणणे, मुलाला शिकवणीला सोडणे, शिंप्याकडचा कपडा घेऊन येणे, बँकेत धनादेश भरणे ही सारी कामे तिच्यावरच होतात. अशा वेळी शिरस्त्राण, म्हणजेच आपल्या रोजच्या बोलण्यातले हेल्मेट, डोक्यावर न जाता कोपरात अडकवले जाते किंवा आरशाला टांगलेले राहते. त्यामागचे कारण एकच असते, ‘जवळच तर जायचे आहे!’ हे वाक्य दिल्लीत ऐकू येते, तसेच पुण्यात, नागपुरात आणि कोल्हापुरातही ऐकू येते. अंतर कमी असले की धोकाही कमी, हा समज किती महागात पडू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. सरासरी काढल्यास दर तासाला एकोणीस जीव गेले. मृतांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातल्याने मृत्यू पावलेल्यांची संख्या ५०,०२९ नोंदविली गेली. त्यांत ३५,६९२ चालक होते आणि १४,३३७ मागे बसलेले होते. हा दुसरा आकडा विशेष विचार करण्याजोगा आहे. हेल्मेट हे केवळ चालकासाठी असते, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. अपघात मात्र चालक आणि सहप्रवासी असा भेद करीत नाही.

वेग म्हणजे उंची

दुचाकीस्वाराच्या भोवती पत्र्याचे कवच नसते, सीट बेल्ट नसतो आणि हवेची पिशवीही नसते. आघात थेट शरीरावर होतो. हा आघात किती तीव्र असतो, हे उंचीच्या भाषेत सांगितले तर चटकन ध्यानात येते. ताशी ४० किलोमीटर वेगाने एखाद्या अचल वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून जमिनीवर पडणे होय. ताशी ६० किलोमीटर वेगाला हीच उंची चौदा मीटरपर्यंत जाते. वेग दीडपट झाला की आघाताची ऊर्जा सव्वादोनपट होते. गल्लीतून चाळीसच्या वेगाने जाणे कोणालाही वावगे वाटत नाही. मात्र दुमजली गच्चीच्या कठड्यावरून चालण्याचे धाडस तोच मनुष्य करणार नाही.

थांबण्याचेही एक गणित आहे. समोरचे संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाला त्या एका सेकंदात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले तरी ती थांबायला आणखी दहा मीटर लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला ही बेरीज चाळीस मीटरच्या घरात जाते. बाजारपेठेच्या रस्त्यावर चाळीस मीटर मोकळी जागा क्वचितच मिळते.

शरीर कोठे दुखावते?

दुचाकीच्या अपघातांतील दुखापतींचा एक ठरावीक साचा दिसून येतो.

डोके : जीव जाण्याचे प्रमुख कारण डोक्याची इजा हे होय. कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर पुढे सरकत राहतो आणि त्याला मार बसतो किंवा रक्तवाहिनी फुटते. काही रुग्ण अपघातानंतर शुद्धीवर असतात, नीट बोलतात आणि स्वतःच्या पायांनी घरी जातात. कवटीच्या आत मात्र रक्त साचत असते आणि काही तासांनी ते एकाएकी बेशुद्ध होतात. म्हणून डोक्याला मार लागल्यानंतर उलटी होणे, गुंगी येणे, डोकेदुखी वाढत जाणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

पाय : दुचाकीस्वाराला सर्वाधिक इजा होते ती पायांना. गाडी कलंडली की पाय तिच्याखाली येतो. मोटारीची धडक बसली की पहिला मार गुडघ्याला किंवा नडगीला लागतो. नडगीचे हाड त्वचेच्या लगेच खाली असल्याने मोडलेले टोक बाहेर येते आणि जखमेत रस्त्यावरची माती जाते. अशा उघड्या अस्थिभंगात जंतुसंसर्गाची भीती मोठी असते. एकाहून अधिक शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांची विश्रांती हा त्याचा नेहमीचा अनुभव आहे. डोक्याची इजा जीव घेते, तर पायाची इजा अनेकदा उपजीविका हिरावून घेते.

हात आणि खांदा : पडताना मनुष्य सहजप्रवृत्तीने तळहात पुढे करतो. त्यामुळे मनगट आणि गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजेच कॉलर बोन, मोडण्याचे प्रमाण मोठे आहे. मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला, तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे तुटते आणि हाड शाबूत असूनही हात लुळा पडतो. यावर शस्त्रक्रिया शक्य आहे, पण ती काही महिन्यांच्या आत झाली तरच तिचा पुरेसा उपयोग होतो. ‘हळूहळू सुधारेल’ म्हणून वाट पाहत राहणे येथे घातक ठरते.

पोट आणि छाती : हँडलचे टोक पोटात घुसून प्लीहा किंवा यकृत फाटू शकते. बाहेरून साधे खरचटलेलेही दिसत नाही, आत मात्र रक्तस्राव चालू असतो. पोटदुखी, घाम आणि थंडगार पडणारे हातपाय ही त्याची लक्षणे असतात.

त्वचा : डांबरी रस्त्यावर घसरत गेल्याने त्वचेचे थर सोलवटून निघतात. जाड कापडाचे जाकीट, पूर्ण लांबीची विजार, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट एवढ्यानेही ही इजा पुष्कळ कमी होते. चप्पल अपघाताच्या पहिल्याच क्षणी पायातून निघून जाते.

मागे बसणाऱ्यांसाठी

साडीचा पदर, ओढणी किंवा गळ्याभोवतीचा रुमाल मागच्या चाकात अडकून होणारे अपघात भीषण असतात. विख्यात नर्तिका इसाडोरा डंकन हिचा १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथे मृत्यू झाला, तो गळ्यातील लांब उपरणे मोटारीच्या चाकात गुंडाळले गेल्यामुळेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागचे निम्मे चाक झाकणारे आवरण असणे आवश्यक आहे. यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. गाडी ‘छान दिसावी’ म्हणून ते काढून टाकणारे तरुण आपल्याच आईला किंवा बहिणीला धोक्यात घालीत असतात. पदर आणि ओढणी खोचून घेणे, शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे, या सवयी प्रत्येकीने लावून घ्याव्यात.

लहान मुलांच्या टाचा चाकाच्या आऱ्यांत सापडतात. टाकीवर बसवलेले मूल धडकेच्या वेळी हँडल आणि मोठ्या माणसाचे शरीर यांच्या मध्ये चिरडले जाते. चार वर्षांवरील मुलांना कायद्याने हेल्मेट अनिवार्य आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकांसाठी हेल्मेट, चालकाशी जखडून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आले आहेत.

हेल्मेटची कुळकथा

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने जगाला परिचित असलेले टी. ई. लॉरेन्स हे निष्णात मोटारसायकलस्वार होते. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन येथून आपल्या घराकडे परतत असताना सायकलवरील दोन मुलांना वाचविण्यासाठी त्यांनी गाडी वळवली आणि ते फेकले गेले. रस्ता रोजच्या जाण्यायेण्याचा होता आणि घर जवळच होते. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटची उपयुक्तता पुराव्यानिशी मांडली. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये ही सक्ती १९७३ मध्ये आली.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात जगभरातील संशोधन एकत्र तपासण्यात आले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये चालक आणि सहप्रवासी या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. दिल्लीत स्त्रियांना हेल्मेट दीर्घकाळ ऐच्छिक होते. २०१४ मध्ये शीख स्त्रियांचा अपवाद वगळता त्यांनाही ते अनिवार्य झाले. महाराष्ट्रातील चित्रही फार निराळे नाही. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तिच्या विरोधात निदर्शने झाली. शहरात वेग कमी असतो, अंतरे लहान असतात, हा तेव्हाचा युक्तिवाद ‘जवळच तर जायचे आहे’ याचाच सार्वजनिक अवतार होता. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आहे.

दंडापुरते हेल्मेट मात्र उपयोगाचे नाही. हेल्मेटच्या आतला फोमचा थर चिरडला जातो आणि डोक्याला थांबण्यासाठी दोन-तीन सेंटिमीटरचे अंतर मिळवून देतो. त्याचे खरे काम हेच आहे. फुटपाथवर मिळणाऱ्या टोपीवजा हेल्मेटमध्ये हा थर नसतो. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी केवळ आयएसआय चिन्हांकित हेल्मेटच्या उत्पादन व विक्रीस परवानगी आहे. खरेदी करताना ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक पाहावा. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसावे आणि मान हलवली असता फिरू नये. हनुवटी झाकणारे हेल्मेट जबड्याचेही रक्षण करते. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जाते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून सुस्थितीत दिसले तरी बदलावे, कारण आतला थर दुसऱ्यांदा कामास येत नाही.

रस्त्यावरचे शहाणपण

बाजारालगतच्या रस्त्यावर उभ्या मोटारीचे दार अचानक उघडते. म्हणून रांगेपासून निदान एक मीटर अंतर राखावे. बस किंवा मालमोटार डावीकडे वळत असेल, तर तिच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नये, कारण तेथे आपण तिच्या चालकाला दिसत नाही. ई-रिक्षा प्रवासी दिसताच थांबते, हे गृहीत धरूनच तिच्या मागे राहावे. विरुद्ध दिशेने ‘एवढेसेच’ जाण्याचा मोह टाळावा.

अनेक चालक केवळ मागचा ब्रेक वापरतात. वस्तुतः ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे येत असल्याने पुढचा ब्रेकच अधिक परिणामकारक असतो. दोन्ही ब्रेक एकत्र, सरळ रेषेत आणि क्रमाने दाब वाढवीत लावण्याची सवय रिकाम्या मैदानात करावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील दुचाकींना दोन्ही चाकांचे एकत्रित ब्रेक अनिवार्य आहेत. त्याआधीची गाडी वापरणाऱ्यांनी अधिक सावध असावे. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात वेग निम्मा करावा. गर्दीच्या दिवसांत दुचाकी घरीच ठेवणे हाही एक उपाय आहे. सरोजिनी नगरला २०१८ पासून मेट्रोच्या पिंक लाईनचे स्वतःचे स्थानक आहे.

अपघात घडलाच तर

अपघातग्रस्तांच्या उपचारासाठी देशात अग्रगण्य असलेले एम्सचे जयप्रकाश नारायण अपेक्स ट्रॉमा सेंटर सरोजिनी नगरजवळ रिंग रोडवरच आहे. सफदरजंग रुग्णालयही दूर नाही. मात्र रुग्णालय जवळ असल्याने वाटणारा दिलासा अपुरा आहे. मेंदूला होणारी पहिली इजा निमिषार्धात होऊन गेलेली असते आणि ती परत घेता येत नाही. डॉक्टरांच्या हाती उरते ते पुढची हानी रोखणे. त्यासाठी पहिला तास मोलाचा असतो.

११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जखमीला बसते करू नये आणि पाणी पाजू नये. मानेला झटका बसेल अशा रीतीने उचलू नये. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नये. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. मोडलेला अवयव सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने पुष्कळजण मदतीला पुढे येत नाहीत. ती भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ च्या सुधारणेने कलम १३४-अ द्वारे ते संरक्षण कायद्यातच आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. याखेरीज ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे.

संसाराच्या हिशेबाची बाजू

नडगी मोडलेल्या गृहस्थाच्या घरचा हिशेब मांडून पाहावा. समजा, घरखर्च दरमहा ३०,००० रुपये आहे आणि कर्ता पुरुष किंवा स्त्री चार महिने कामावर जाऊ शकत नाही. औषधोपचार बाजूला ठेवले, तरी केवळ घर चालविण्यास १,२०,००० रुपये लागतात. त्यात दुचाकीच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. पगारी रजा मिळणाऱ्यांचे एक वेळ निभावते. छोटा दुकानदार, घरपोच सामान पोहोचविणारा तरुण किंवा शिवणकाम करणारी गृहिणी यांच्यापुढे बचत मोडण्यावाचून पर्याय राहत नाही.

यासाठी विम्याचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. सक्तीचा तृतीय पक्ष विमा हा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीसाठी असतो. वाहनमालक स्वतः चालवीत असेल तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण त्यासाठी वैध परवाना आवश्यक असतो. मागे बसणाऱ्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

बँक खात्यातून वर्षाला अवघे २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारांसाठी आहे. अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. तिचे वर्ष १ जून ते ३१ मे असल्याने मे अखेरीस खात्यात शिल्लक ठेवावी आणि वारसाचे नाव नोंदविलेले आहे ना, हे शाखेत पाहून घ्यावे. मात्र साध्या अस्थिभंगाचा खर्च किंवा बुडालेली मजुरी ही योजना देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी आरोग्य विमा, तात्पुरत्या अपंगत्वात साप्ताहिक रक्कम देणारी अपघात पॉलिसी आणि चार-सहा महिन्यांच्या खर्चाइतकी आपत्कालीन ठेव, अशी तिहेरी तयारी असावी.

विमा हानी भरून देतो, पण हानी टाळण्याचे काम त्याचे नाही. ते काम डोक्यावरचे हेल्मेट, पायांतले बूट आणि हाताशी असलेला ब्रेक यांचे आहे. हजार-दीड हजार रुपयांचे हेल्मेट आणि ते घालून पट्टा लावण्याचे दहा सेकंद, एवढीच ही गुंतवणूक आहे. मुलाला शिकवणीला सोडायचे असो की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असो, किल्लीबरोबर हेल्मेटही उचलण्याची सवय घरातील प्रत्येकाने लावून घ्यावी. जाणे जवळचे असले, तरी घरी वाट पाहणारी माणसेही तितकीच जवळची असतात.